गिटार, सराव आणि बी मायनरचा खड्डा

गिटार वाजविणे आणि गिटारचा सराव करणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे उमगावयास मला एक वर्ष, चार तुटलेल्या तारा आणि एका वर्गभगिनीची नाराजी एवढी किंमत मोजावी लागली. यांपैकी तारा बाजारात मिळतात. उरलेल्या दोहोंबद्दल चार शब्द लिहावेत, असे वाटले म्हणून हा लेख. मी काही गिटारवादक नव्हे. अडीच वर्षे हे वाद्य हाताळीत असलेला, तृतीय वर्ष कला वर्गात मानसशास्त्र घेतलेला एक विद्यार्थी, एवढीच माझी पात्रता. परंतु निष्णात माणसाला आपण आरंभी नेमके कोठे अडखळत होतो हे बहुधा आठवत नाही. मला ते कालपरवाचे असल्यामुळे लख्ख आठवते.

प्रथम प्रसंग सांगतो. गतवर्षीच्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गातील एक विद्यार्थिनी एक जुने भावगीत म्हणणार होती. ती लहानपणापासून रीतसर गाणे शिकलेली. पेटी-तबला दरवर्षीच असतो, यंदा नुसत्या गिटारवर म्हणू, ही कल्पना माझी. त्याकरिता मी महिनाभर रोज रात्री दोन-दोन तास वाजवीत होतो. प्रत्यक्ष रंगमंचावर दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी माझा डावा हात अडला. अर्धी-पाव मात्रा नव्हे, चांगल्या तीन मात्रा. ती थांबली. मी सावरलो तेव्हा ती पुढे गेली होती. ती मागे आली तेव्हा मी पुढे गेलो होतो. सभागृहातल्या मागच्या बाकांवरून जे व्हावयाचे ते झाले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात जो तो तिलाच विचारी, "काय गं, शब्द विसरलीस का?" गिटार अडली हे कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. गाणारा थांबला म्हणजे गाणाराच चुकला, असा श्रोत्यांचा सरळ हिशेब असतो. तिने कोणाला खुलासा केला नाही. मला मात्र एवढेच म्हणाली, "तू खोलीवर तरी हे कधी न थांबता वाजवलं होतंस का?"

मी घरचा अभ्यास न केलेल्या मुलासारखा गप्प राहिलो. कारण मी ते गाणे निदान दोनशे वेळा वाजविले होते. पण न थांबता एकदाही नाही.

या प्रश्नाचे खरे उत्तर मिळाले ते वसतिगृहातल्या माझ्या खोलीतील सोबत्याकडून. तो जत तालुक्यातला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. संगीताशी त्याचा संबंध वरातीपुरता. एके दिवशी तो स्नानगृहात आंघोळ करता करता तेच भावगीत गुणगुणत होता, आणि बाहेर तोंड धूत उभा असलेला मी चपापलो. दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी तो थांबला, तीन मात्रा गप्प राहिला आणि मग पुढे गेला. मूळ गाणे त्याने कधी ऐकलेच नव्हते. माझ्याकडून जे ऐकले ते त्याने जसेच्या तसे पाठ केले होते. त्याच्या दृष्टीने ती विश्रांती चालीचाच भाग होती! मी त्याला विचारले, "तू तिथं थांबतोस का?" तो म्हणाला, "लेका, तूच थांबतोस. रोज थांबतोस."

मी महिनाभर गाण्याचा नव्हे, तर त्या थांब्याचा सराव केला होता, आणि तो पक्काही झाला होता. रंगमंचावर मी चुकलो असे म्हणणेसुद्धा बरोबर नाही; जे घोटून तयार केले होते तेच मी बिनचूक सादर केले!

आता तो थांबा कशाचा होता ते सांगितले पाहिजे. ज्यांनी गिटार हाती घेतलेली नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. गिटारवर साथ करताना एकेक सूर न वाजविता तीन-चार सुरांचा मेळ एकदम छेडतात. त्याला कॉर्ड म्हणतात. आमचे गाणे मी 'जी' हा षड्ज धरून बसविले होते. मग जी कॉर्ड म्हणजे सा-ग-प, सी म्हणजे म-ध-सा, डी म्हणजे प-नि-रे, ई मायनर म्हणजे ध-सा-ग. येथवर सारे सुखाचे. दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी मात्र ग-प-नि हा मेळ लागे, तो बी मायनर. त्यासाठी तर्जनी दुसऱ्या पडद्यावर पाच तारांवर आडवी टाकावयाची, मधले बोट दुसऱ्या तारेवर तिसऱ्या पडद्यात, अनामिका चौथ्या आणि करंगळी तिसऱ्या तारेवर, दोन्ही चौथ्या पडद्यात. (पडदा म्हणजे गिटारवाल्यांच्या भाषेत फ्रेट, तारा सर्वांत बारीक तारेपासून मोजतात.) नुसते वाचूनच बोटे दुखतात. डी वरून येथे यावयाचे तर एकही बोट जागेवर राहत नाही. माझी बोटे तेथे एकेक करून, हप्त्याहप्त्याने पोहोचत आणि तोवर उजवा हात वाट पाही.

म्हणजे अडचण कॉर्डची नव्हती. बी मायनर मला येत होता; सवडीने बोटे मांडू दिली तर तो चांगला वाजे. मला येत नव्हता तो डी पासून बी मायनरपर्यंतचा प्रवास. नवशिके बहुधा कॉर्ड पाठ करतात, त्यांच्या आकृत्या वहीत काढतात, पंधरा कॉर्ड येतात म्हणून सांगतात. पण गाणे कॉर्डमध्ये अडत नाही, ते दोन कॉर्डच्या मध्ये अडते. सराव करावयाचा तो या मधल्या जागेचा, आणि नेमकी तीच जागा आपण लगबगीने ओलांडू पाहतो.

परंतु सरावाकडे वळण्यापूर्वी वाद्याबद्दल सांगितलेच पाहिजे, कारण माझ्या दुःखापैकी अर्धे दुःख लाकडात होते. माझी गिटार स्वस्तातली. बाराव्या पडद्यापाशी तारा पडद्यापासून जवळजवळ 5 मिलिमीटर उंच होत्या. एवढी उंच तार दाबताना बोट तर दुखतेच, शिवाय तार ताणली जाऊन सूरही चढतो. "बोटांना घट्टे पडले की सगळं सोपं होतं," असे मला ज्याने त्याने सांगितले होते. घट्टे पडले, सोपे काही झाले नाही. शेवटी मी गिटार घेऊन मिरजेला गेलो. मिरजेची सतार आणि तंबोरा प्रसिद्धच आहेत. 2024 साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. सतारमेकरांच्या गल्लीत भोपळे टांगलेल्या एका दुकानात मी माझे खोके उघडले तेव्हा मला उगाच संकोच वाटला. तेथल्या वृद्ध कारागिरांनी, चाचा म्हणतात त्यांना सारे, गिटार आडवी धरून एक डोळा मिटून तारांवरून नजर टाकली आणि विचारले, "यावर तू शिकतोस?" त्यांनी घोडीवरची हाडाची पट्टी काढून तिचा तळ घासला, पुन्हा बसविली, पुन्हा काढली. तासाभराने तारा अडीच मिलिमीटरवर आल्या. "सतारीची घोडी घासतो ती जवारीसाठी," चाचा म्हणाले, "ही तुझ्या बोटांसाठी." त्या संध्याकाळी बी मायनर मला प्रथमच स्वच्छ ऐकू आला. तेव्हा नवशिक्या मित्रांना माझे पहिले सांगणे असे की, स्वतःच्या बोटांना दोष देण्यापूर्वी बाराव्या पडद्यापाशी पट्टी लावून बघा.

सूर लावण्याविषयी फार लिहीत नाही. मोबाईलवर ट्यूनर असतो, तो वापरावा. मात्र त्याच्या जोडीला कानानेही लावून पाहावे. जाड तारेकडून निघाले की प्रत्येक तार पुढच्या तारेशी सा-म अशी जुळते. अपवाद फक्त तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेचा, तेथे सा-ग. म्हणून पाचव्या पडद्यावर दाबून पुढची तार मिळवितात, आणि त्या एका ठिकाणी चौथ्या. जाता जाता एक गंमत. आमच्या गायिकेने पहिल्याच दिवशी तक्रार केली होती की, गिटारचा गंधार चढा लागतो. मी ट्यूनर दाखवून वाद घातला. नंतर कळले की, तिचा कान खरा. गिटारचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसविलेले असतात, आणि त्या हिशेबात गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा राहतो. त्यावर गिटारमध्ये उपाय नाही. ती जागा हलक्या हाताने छेडावी आणि गाणाऱ्याशी हुज्जत घालू नये.

आता मुख्य विषय. स्नेहसंमेलनानंतर सोबत्याने मला निक्षून बजावले होते की, रात्रीचे दोन तास बंद. त्याची परीक्षा तोंडावर आली होती. सकाळी चहापूर्वी वीस मिनिटे आणि संध्याकाळी खाणावळीत जाण्यापूर्वी वीस मिनिटे, एवढाच परवाना. मला तो अन्याय वाटला. दोन तासांत जमले नाही ते चाळीस मिनिटांत काय जमणार? पण तीन आठवड्यांत हात सुधारला तेव्हा मी चक्रावलो. खुलासा आमच्याच अभ्यासक्रमात निघाला. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाचे स्मृतीवरील पुस्तक 1885 सालचे. अर्थहीन अक्षरांच्या माळा पाठ करण्याचे प्रयोग त्याने स्वतःवरच केले. त्यांत त्याला असे आढळले की, आदल्या दिवशी एका दमात 68 वेळा घोकून जेवढा फायदा झाला, साधारण तेवढाच फायदा तीन दिवसांत वाटून केलेल्या 38 उजळण्यांनी झाला. परीक्षेसाठी मी हा मुद्दा दोन वेळा लिहिला होता. त्याचा माझ्या गिटारशी काही संबंध असेल, हे मात्र डोक्यात आले नव्हते. अर्थात अक्षरे घोकणे आणि बोटे वळविणे या अगदी एकच गोष्टी नव्हेत. पण रात्रीच्या दोन तासांपैकी शेवटचा तास मी थकलेल्या हाताने वाजवीत असे, आणि थकलेला हात चूकच शिकतो, एवढे माझ्यापुरते खरे ठरले.

त्या वीस मिनिटांत काय करावे? येथे मी माझी संपूर्ण चाल बदलली. पूर्वी मी गाणे आरंभापासून सुरू करी. अडलो की पुन्हा आरंभापासून. त्यामुळे मुखडा दोनशे वेळा वाजे आणि अवघड जागा कशीबशी, तीही दमल्यावर. आता मी गाणे सुरूच केले नाही. फक्त डी आणि बी मायनर. पहिले चार दिवस तर डी देखील नाही. बी मायनर मांडावयाचा, बोटे तारांना चिकटलेलीच ठेवून नुसता दाब सोडावयाचा, पुन्हा दाबावयाचे. मग बोटे कणभर उचलावयाची आणि सगळी एकदम खाली. मग वीतभर दूर नेऊन परत. हातात तो आकार हवेतच तयार झाला पाहिजे. तारेवर पोहोचल्यावर बोटांनी जागा शोधीत बसता कामा नये. दाबही मी आवश्यकतेच्या दुप्पट देत होतो. तो कमी करीत करीत तार झणझणू लागेपर्यंत यावे आणि तेथून किंचित वाढवावा, तेवढा पुरतो. बोट पडद्याच्या अगदी अलीकडे, पण पडद्यावर नव्हे, असे ठेवले तर आणखी कमी लागतो. आडवी तर्जनी सपाट न टाकता अंगठ्याच्या बाजूला जराशी कलती टाकावी. बोटांची टोके दुखली तर दुखू द्यावीत, पण मनगट दुखू लागले की वाद्य खाली ठेवावे. याबाबतीत मर्दुमकी दाखवू नये.

त्यानंतर लय. मोबाईलमध्ये ठोके देणारा मेट्रोनोम असतो. मी मिनिटाला 50 ठोके लावले. चार मात्रा डी, चार मात्रा बी मायनर. या लयीत एक मुंगी देखील झोपी जाईल. पण तिची मेख अशी की, इतक्या ठाय लयीत चूक लपत नाही. नियम दोन केले. एक, सलग पाच वेळा बिनचूक झाल्याखेरीज लय वाढवावयाची नाही, आणि वाढवावयाची ती चारच ठोक्यांनी. दुसरा नियम अधिक कठीण: डावा हात पोहोचो न पोहोचो, उजव्या हाताने थांबावयाचे नाही. कॉर्ड अर्धवट लागला तर अर्धवट वाजू द्यावा, मुक्या तारा छेडल्या जाव्यात, पण सम चुकता कामा नये. तबलजी एखादा बोल गिळून टाकतो, पण सम सोडीत नाही, तसे. हे दोन नियम एकमेकांच्या विरुद्ध वाटतील. एकात चुकीला क्षमा नाही, दुसऱ्यात चुकीला वाट दिली आहे. मी ते वाटून घेतले. सकाळची वीस मिनिटे पहिल्या नियमाची, संध्याकाळची दुसऱ्याची. सकाळी हात शिकला आणि संध्याकाळी पुढे चालत राहण्याची सवय झाली.

बाकीच्या बदलांत मला एक सोय अवचित सापडली. जी वरून ई मायनरवर जाताना पाचव्या तारेवरची तर्जनी हलवावीच लागत नाही. ती जागेवर रोवून फक्त मधले बोट शेजारच्या तारेवर न्यावे. सी वरून ए मायनरवर जाताना दोन बोटे जागची हलत नाहीत, एकटी अनामिका जागा बदलते. मी मात्र वर्षभर प्रत्येक वेळी पाचही बोटे आकाशात उडवीत होतो. प्रत्येक बदलात कोणते बोट हलत नाही हे आधी शोधावे.

दोनच कॉर्ड घेऊन बसण्याचा कंटाळा येत नाही का, असे मला विचारतात. येतो. पण माउरो जुलियानी या इटालियन वादकाच्या गिटार-पाठांत उजव्या हाताचे 120 अभ्यास आहेत, आणि ते सारेच्या सारे सी आणि जी सेव्हन्थ या दोनच कॉर्डवर रचलेले आहेत. हे पाठ 1812 सालचे, आणि आजही शिकविले जातात. डाव्या हाताला दोनच गोष्टी द्यावयाच्या म्हणजे सारे लक्ष उजव्या हाताकडे राहते, ही त्यातली युक्ती. एका वेळी एकच अवघड गोष्ट. मला ती 120 पैकी जेमतेम नऊ येतात, तरी माझा कंटाळा त्यांनीच घालविला.

आणि "माझी बोटं आखूड आहेत" हे कारण मीही पुष्कळ दिवस सांगितले. जँगो राइनहार्ट या जिप्सी वादकाविषयी वाचले आणि सांगावयाचे सोडले. 1928 साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागली, तो वयाच्या अठराव्या वर्षी होरपळला आणि डाव्या हाताची अनामिका व करंगळी जवळजवळ निकामी झाली. त्याने दोन बोटांनी सारे वादन नव्याने बसविले आणि 1934 पासून पॅरिसमधल्या आपल्या वाद्यवृंदात वाजवून जगाला थक्क केले. त्याची प्रतिभा आपल्यात नाही हे खरे. पण आपली पाचही बोटे धडधाकट आहेत, हेही खरेच.

यंदा डिसेंबरमध्ये मी पुन्हा आमच्या गायिकेकडे गेलो. ती हसली नाही. म्हणाली, "आधी ऐकव." मी तिला ते गाणे ऐकविले, न थांबता, पण तिने मध्येच गायला सुरुवात केली आणि माझी घडी विस्कटली. तिची पट्टी काळी पाच. मी तिसऱ्या पडद्यावर कॅपो लावून जी चेच आकार धरीत होतो, तेवढे ठीक होते; पण गाणारा माणूस मेट्रोनोम नसतो. ती एखादा शब्द लांबवी, एखाद्या जागेवर रेंगाळे, श्वास घेई. माझी लय पक्की होती आणि कान बंद होते. म्हणून पुढचे दहा दिवस एकट्याने सराव कमी केला आणि तिच्याबरोबर अधिक. ती मुद्दाम कधी ओळ ओढी, कधी अंतरा दोनदा घेई. मी हाताकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघून वाजवावयाचे, अशी तिचीच अट होती. हा भाग कोणत्याही व्हिडिओत मला मिळाला नव्हता.

स्नेहसंमेलनात दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी बी मायनरची एक तार झणझणली. माझ्या कानाला ती केवढी तरी मोठी वाटली. उजवा हात चालत राहिला, ती समेवर आली, मीही आलो. दुसऱ्या दिवशी कॉलेजात सगळे तिच्याकडे गाण्याची चौकशी करीत होते. गिटारबद्दल कोणी काही विचारले नाही. जिन्यात भेटली तेव्हा ती एवढेच म्हणाली, "पुढच्या वेळी दुसरं गाणं घेऊ."

ते दुसरे गाणे मी आता बसवितो आहे. परवा सकाळी स्नानगृहातून सोबत्याचे गुणगुणणे ऐकू आले. जुने भावगीत तो आता कोठेही न थांबता म्हणतो; सूर मात्र पूर्वीचाच आहे. मग त्याने नवे गाणे धरले आणि तिसऱ्या ओळीपाशी दोन मात्रा गप्प झाला. तेथे एफ कॉर्ड आहे. मी चहा तसाच ठेवून गिटार काढली आणि मेट्रोनोम 50 वर लावला.